सम्मेद मगदूमचे ग्रुक

सम्मेद मगदूमवर चिडायचं नाही असं मी दर सोमवारी ठरवते आणि सोमवारीच अकरा वाजेपर्यंत चिडलेली असते. यात माझा दोष थोडा असेल, पण त्याचा जास्त आहे. काहीही सांगितलं तरी "व्हय की ताई" म्हणायचं आणि मग स्वतःला हवं तेच करायचं, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडायला समोरून कुणीतरी लागतं. सम्मेद समोर उभा राहतच नाही. मान हलवतो आणि आपल्या खुर्चीकडे निघून जातो.

आमचा स्टुडिओ राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खालचे दोन मजले कोचिंग क्लासचे, त्यामुळे जिन्यात कायम चपलांचा ढीग. वर आम्ही अकरा माणसं. परदेशातल्या कंपन्या कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतात आणि त्यांतल्या वस्तू, घरं, प्राणी, माणसं आमच्याकडून करून घेतात. तिकडच्या राजाचं सिंहासन इकडं राजारामपुरीत घडतं आणि ते घडवणारा मधेच उठून खाली वडापाव खाऊन येतो. माझं काम मेलचं. क्लायंटला काय हवंय ते वाचायचं, आमच्या माणसांना समजेल असं सांगायचं आणि आमच्या माणसांनी जे केलं त्याबद्दल क्लायंटची समजूत घालायची. बारा वर्षांपूर्वी मुरगूडहून मी आले तेव्हा मॉडेल करायला, म्हणजे या वस्तू-माणसं कॉम्प्युटरवर घडवायलाच आले होते. माझा हात वाईट नव्हता. पण माझं इंग्रजी बरं निघालं, आवाज मोठा निघाला, आणि आमचे मालक सम्राट सर म्हणाले, "क्रांती, चार दिवस जरा मेल बघ." ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

तर सम्मेद. वय एकतीस, अंगाने काडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वारणानगरच्या जवळच्या एका गावातून रोज मोटरसायकलवर येतो. वडिलांचं नाव वर्धमान, ते साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. घरामागे दोन म्हशी, दूध डेअरीला. आई रत्नाबाई कडक. दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी घास घेत नाही, म्हणून आम्ही पावणेसहाला चहा मागवतो तेव्हा सम्मेद टेबलावर कागद अंथरून रात्रीचं जेवण करत असतो. नेमका त्याच वेळी युरोपातला क्लायंट त्याचं दुपारचं जेवण आटोपून कॉलवर येतो. किती वेळा व्हिडिओ कॉलवर मागे सम्मेद भाकरी मोडताना दिसलाय. एकदा क्लायंटने विचारलं, "हे गृहस्थ दर वेळी जेवत असतात का?" मी काय सांगणार?

सहा वर्षं त्याने दगड केले. खोटं सांगत नाही. खेळातले नदीकाठचे दगड, विहिरीचे दगड, पडक्या किल्ल्याचे दगड. मग लाकडी पिंपं, मग गवत, मग परत दगड. दगड असे करायचा की हात लावून बघावासा वाटावा. पण दगडाला नाव लागत नाही. खेळ संपला की पडद्यावर नावं वर सरकत जातात ना, त्यात दगड, गवत, पिंपं यांच्यापुढे नुसतं आमच्या स्टुडिओचं नाव येतं. माणसाचं नाव फक्त पात्र करणाऱ्याला. आमच्यातल्या कुणालाच ते कधी मिळालेलं नव्हतं.

आणि गावात काय झालं, तर रत्नाबाई देवळात बायकांना सांगायच्या, "सम्मेद कोल्हापुरात कॉम्प्युटरवर दगडं करतोय." बायकांनी त्यातलं कॉम्प्युटर गाळलं आणि दगड ठेवले. निम्म्या गावाला वाटतं तो खडीच्या क्रशरवर आहे. सांगलीकडचं एक चांगलं स्थळ त्यावरूनच मोडलं.

म्हणून ग्रुकचं काम आलं तेव्हा मीच सम्राट सरांच्या मागे लागले. खेळ मोठा होता. त्यात ग्रुक नावाची एक जमात होती. डोंगराच्या पोटात राहणारी, बुटकी, आडवी, लोंबत्या हातांची, हिरवट काळपट कातडीची. क्लायंटने अठरा पानं पाठवली होती. त्यातली मुख्य ओळ मी सम्मेदला मराठीत वाचून दाखवली, दोनदा: "ही जमात रानटी, गलिच्छ, मंद आणि क्रूर आहे. कच्चं मांस खाते. खेळणारा यांना शेकड्यांनी मारणार आहे आणि मारताना त्याला जराही वाईट वाटता कामा नये."

"कळलं?"

"व्हय की ताई."

"ह्यात नाव लागणार हाय तुझं. मगदूम म्हणून. आईला दाखवायचंस की न्हाई?"

तो लाजला. चष्मा पुसला. मला वाटलं, गडी तयार झाला.

पंधरा दिवसांनी त्याने पहिला ग्रुक दाखवला. खरं सांगते, बघून आम्ही सगळे खुर्च्या सोडून उठलो. पाठीचा तो बाक, मानेचा तो जाड वळसा, पायांची फताडी बोटं. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा उचलणाऱ्या हमालांच्या पाठी बघून आला होता म्हणे, तीन सकाळी जाऊन. मी अभिमानाने फाईल पाठवली.

क्लायंटचं उत्तर आलं: काम सुरेख आहे, पण यांची कीव येते. जरा दुष्ट करा.

डोळे दुष्ट केले. लहान केले, लाल केले, खोल बसवले. उत्तर आलं: छान, पण अजून कीव येते. आणि हो, वरचे पुढचे दात दिसत नाहीत, फाईल नीट पोचली नाही का?

मी फाईल परत पाठवली. परत तेच. मी सम्मेदला विचारलं, "दात कुठं गेलं रं वरचं?" तो म्हणाला, "झिजल्यात ताई, म्हातारी जमात हाय." मी तसं लिहून पाठवलं. आता आठवलं की माझ्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

तिसऱ्या खेपेला भुवया आडदांड केल्या. चौथ्या खेपेला अंगावर जखमांचे व्रण. गळ्यात हाडांची माळ सांगितली होती, तिथं सम्मेदने सुकलेल्या बियांची माळ घातली. मी ओरडले, तर त्याने बिया पांढऱ्या केल्या. पाचव्या खेपेला क्लायंट म्हणाला, आमच्याकडे सहा जणांना दाखवलं. दोघांनी ग्रुकला मारायचं सोडून त्याच्या मागे मागे जाऊन तो काय करतोय ते बघितलं. हे आम्हाला चालणार नाही. चूक कुठे आहे ते आम्हाला सांगता येत नाही, पण चूक आहे. पुढच्या सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर हे काम आम्ही दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओकडे देऊ.

सम्राट सरांनी मेल वाचली आणि फक्त म्हणाले, "सम्मेद, न्हाईतर परत दगड." ते रागाने बोलले नव्हते, पण ती थट्टाही नव्हती.

त्याच आठवड्यात रत्नाबाईंचा ऑफिसच्या फोनवर फोन आला. सम्मेद खाली गेला होता, मी उचलला.

"कोण, क्रांतीताई न्हवं? मी सम्मेदची आई बोलते. ते नाव कवा येणार हो त्याचं?"

"येणार की काकू. काम चाललंय."

"देवळात सांगून बसलोय मी. तेवढं बघा. लई शहाणा हाय, खरं तोंडानं बोलत न्हाय."

मी बघते म्हणाले. मी दिलेला शब्द होता तो. पुढे जे केलं त्यातला निम्मा भाग या फोनमुळे केला, एवढं माझ्या बाजूने धरा. उरलेल्या निम्म्याचं नंतर सांगते.

भाद्रपद चालू होता. सगळं शहर गणपतीत, आणि सम्मेदचे ते दहा दिवस त्यांच्या जैन पर्वाचे. दिवसातून एकदाच जेवण, दुपारी लवकर निघून देवळात. म्हणजे डोक्यावर सोमवार बसलेला आणि माणूस दीड वाजता हेल्मेट घालून जिन्यात. मी दात-ओठ खात बसायचे.

गुरुवारी दुपारी, तो निघायच्या आत, मी त्याच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर ग्रुक नुसता उभा होता. खेळात पात्र रिकामं उभं असतं तेव्हाही ते जरा हलतं, श्वास घेतं, मान वळवतं. हा तोंड हलवत होता. मी बघत राहिले. आणि मला मुरगूडचा आमचा गोठा दिसला.

"सम्मेद, ह्याचा जबडा असा का हलतोय?"

"कसा?"

"डावीकडनं उजवीकडं."

"खातोय की."

"काय खातोय?"

सम्मेदने चष्मा वर ढकलला.

"कच्चं मांस लिवलंय त्यात. मांस खाणाऱ्याचा जबडा वर-खाली चालतोय. कुत्रं बघितलं न्हाईस कवा? न्हाईतर रविवारी मुरगूडला ये, आमचं अख्खं घराणं मटणाच्या ताटावर बसलेलं दाखवते. तोंड उघड त्याचं."

त्याने ग्रुकचं तोंड उघडलं. आत सुळे नव्हते. मागे रुंद, सपाट दाढांच्या रांगा, आणि वर पुढच्या बाजूला दात नाहीतच, नुसती जाड हिरडी.

"अरे देवा! म्हस हाय ही! सम्मेद, म्हशीचं तोंड लावलंस तू ह्याला! रवंथ करालाय तो!"

सगळे उठून आले. पाच खेपा. डोळे, भुवया, व्रण, सगळं आम्ही उलटंपालटं केलं होतं आणि एक अख्खी रानटी जमात आमच्या डोळ्यांदेखत शांतपणे रवंथ करत उभी होती. कुणाला कीव नाही येणार?

"व्हय की," सम्मेद म्हणाला. मला वाटलं त्याला लाज वाटेल. तर तो हसला. "मला दुसऱ्या कुणाचं तोंड आतनं म्हाईतच न्हाय, ताई. म्हशीला औषध पाजताना लहानपणापासनं बघितलंय. ते डोक्यात बसलंय. पैल्यांदा चुकूनच झालं."

"आन् मग?"

"मग बघितलं, तर बरं वाटलं. बघा की तुमी. म्हस काय नाजूक असती व्हय? अंगानं राकट, चिखलात लोळती, बिथरली तर माणूस आडवा करती. खरं ती खुनशी नसती. ही तशीच हाईत. डोंगराच्या पोटातनं दगडं कोण काढतंय तिथं? त्या राजाचा किल्ला कुणी बांधला? मी सहा वर्षं त्यातलीच दगडं केल्यात. ती कुणीतरी वाहिली असणारच की."

एवढं सलग तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल. ऐकून मला क्षणभर गलबललं, आणि लगेच त्याच्या दुप्पट संताप आला. त्याला एका नावाची गरज होती. त्याच्या आईला होती. मी शब्द दिला होता. आणि हा खुळा कुणीतरी मारायलाच मागवलेल्या राक्षसांची वकिली करत बसला होता.

"सम्मेद, सोमवार."

"व्हय की ताई. बदलतो."

"सुळं पायजेत. हाडं पायजेत. जबडा वर-खाली."

"व्हय की."

शुक्रवारी बघितलं. सुळे दोन, बाहेर आलेले, रानडुकरासारखे. डुक्कर पण कंदच उकरून खातं. माळेत हाडं घातली होती, पण ती झाडाच्या फांद्यांसारखी गुळगुळीत. आणि जबडा डावीकडून उजवीकडे, आधीपेक्षा थोडा हळू.

शनिवारी सकाळी मी त्याच्याशी बोललेच नाही. काय बोलणार? तो व्हय की म्हणाला असता. बाराला तो देवळात गेला. सम्राट सर गणपतीच्या मंडळात. ऑफिसात आम्ही तिघंच, आणि ते दोघं कानात इअरफोनची बोंडं घालून. मी सम्मेदच्या खुर्चीत बसले आणि त्याची फाईल उघडली.

बारा वर्षांनी. पहिली दोन-चार बटणं चुकली, पण दहा मिनिटांत सगळं आठवलं. दाढा काढून टाकल्या. वरचे दात बसवले, वाकडेतिकडे, टोकदार. जबड्याची हालचाल वर-खाली केली. माळेत बरगड्या घातल्या, मांसाचे तुकडे चिकटलेल्या. नखं वाढवली. इथपर्यंत दुरुस्ती होती. मग चेहरा राहिला. मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटा आरसा असतो. राग, भीती, हसू, काही करायचं झालं तर आपणच आरशात तसं तोंड करायचं आणि बघून उतरवायचं. सम्मेदचा आरसा मॉनिटरला टेकून ठेवलेला होता. मी तो माझ्याकडे वळवला आणि दात विचकले.

पहिल्यांदा काही जमलं नाही, हसूच आलं. मग मी सम्मेदचं "व्हय की" आठवलं. मग "चार दिवस जरा मेल बघ" आठवलं. क्लायंटच्या पाच मेल आठवल्या, आणि त्यांना मी लिहिलेली पाच गोड उत्तरं. घरी गेल्यावर "मेलच तर लिहितीस, दमायला काय झालं" म्हणणारे आठवले. तोंड आपोआप झालं. नाकपुड्या फुलल्या, कपाळाच्या मधोमध आठी पडली, ओठ वर गेला. मी बघत गेले आणि उतरवत गेले. अडीच तास मी खुर्चीतून उठले नाही. आणि खरं सांगायचं तर मजा आली. इतकी मजा मला या ऑफिसात कधीच आली नव्हती. ते उरलेलं निम्मं हेच.

तीनला फाईल पाठवली. सम्मेद मगदूमचं काम म्हणून.

सोमवारी सकाळी उत्तर आलेलं होतं, चारच ओळी. अखेर! हेच आम्हाला हवं होतं. हा चेहरा बघून कुणाला वाईट वाटणार नाही. या कलाकाराचं नाव कळवा. सम्राट सरांनी पेढे मागवले. सगळ्यांनी सम्मेदची पाठ थोपटली. त्याने पडद्यावरचा ग्रुक बघितला. नीट बघितला, मान पुढे काढून. मी मागेच उभी होते. तो बोलला तर मी काय सांगणार ते शनिवारपासून घोकत होते: तुझ्यासाठीच केलं, तुझ्या आईसाठी केलं.

त्याने मान मागे घेतली. उपास होता म्हणून पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि कामाला बसला. एका ग्रुकवरून तीस करायचे होते: जाडे, लुकडे, म्हातारे, बाया. त्याने पुढचे सगळे दिवस तेच केलं. त्या एकाच चेहऱ्यावरून तीस चेहरे, सगळे दात विचकलेले. एकही रवंथ करणारा नव्हता. रोज दुपारी, तो निघायच्या आधी, ते पडद्यावर ओळीने उभे असायचे आणि तो त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलेला. मी मनाशी म्हटलं, त्याला कळलेलं नाही. किंवा कळलंय आणि पटलंय. माणसाला जे सोयीचं तेच सुचतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अर्धं शहर झोपलेलं होतं आणि रस्त्यावर गुलालाचा चिखल. आम्ही डोकं धरून कामावर आलो होतो. क्लायंटने नावांची यादी त्या दिवशी पाचपर्यंत मागितली होती. मी ती भरत होते. ग्रुकच्या पुढे सम्मेदचं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. तेवढ्यात सम्मेद उठला आणि हात जोडून एकेका टेबलाशी जायला लागला. त्यांचं पर्व संपलं की हा एक दिवस असतो. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणून सगळ्यांपुढे हात जोडायचे. चहावाल्यापासून सम्राट सरांपर्यंत तो कुणाला सोडत नाही. दर वर्षी मी "बरं बरं, केली, आता फाईल पाठव" म्हणते.

माझ्या टेबलाशी तो आला. हात जोडले.

"ताई, क्षमा करा."

"केली रे. बस."

तो गेला नाही. "न्हाय ताई, यंदा खरंच मागायची हाय. दहा दिवस उपास केला आन् निम्मे दिवस मनात तुमच्यावर राग धरून बसलो. पूजेत बसलोय आन् डोक्यात तुमी. लई वाईट वाईट बोललो मनातल्या मनात. ते चुकलं माझं."

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तुला कळलं व्हतं?"

"सोमवारीच. बघताक्षणी."

"मग बोलला का न्हाईस? भांडायचंस की माझ्याशी! शिव्या घालायच्यास!" मी ओरडले. अख्ख्या ऑफिसने माना वळवल्या. "सगळा आठवडा मुकाट तीस-तीस मुंडकी करत बसलास!"

"भांडायचं काय त्यात? काम चांगलं झालंय. त्यांना पायजे तसं झालंय. मला न्हाय जमलं. मी बी आरसा घेऊन लई प्रयत्न केलता." मग तो जरा घुटमळला. "फकस्त नाव माझं नगा घालू, ताई. तुमचं घाला."

"खुळा हाईस का? त्यासाठी तर सगळं केलं! दात मी बदललं, बाकी सगळं तुझंच हाय. पाठ तुझी, हात तुझे, पाय तुझे."

"चेहरा तुमचा हाय की."

"मी केला म्हणून माझा व्हय?"

"न्हाय. तुमचा म्हंजे तुमचाच." त्याने माझ्याकडे सरळ बघितलं, आणि त्याच्या आवाजात टोमणा औषधालासुद्धा नव्हता. "आत्ता ओरडलासा न्हवं, तसाच. तुमचा डावा ओठ उजव्यापरास वर जातोय. मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."

ऑफिसात कुणीतरी खोकलं. मी सम्मेदच्या पडद्याकडे बघितलं. तीस जण ओळीने उभे होते. जाडे, लुकडे, म्हातारे, बाया. सगळ्यांचा डावा ओठ वर.

"आन् तुझ्या आईला काय सांगू मी?" मी विचारलं.

"मी सांगितलंय की तिला. अजून दगडंच करतोय म्हणून." त्याने परत हात जोडले. "तेवढी क्षमा करा, ताई."

मी केली म्हणाले. ती वेळ माझी होती. मीही हात जोडायला हवे होते, आणि माझ्या तोंडाशी ते आलंही होतं. पण तोवर तो पुढच्या टेबलाशी गेला होता आणि त्याच सुरात तिथे क्षमा मागत होता, त्या पोराने कधी त्याचं काही वाकडं केलेलं नसताना. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. आपल्याला वाईट म्हणणारा माणूस परवडतो. त्याला उलट चार शब्द सुनावता येतात. या माणसाने मला क्षमा मागायला जागाच ठेवली नाही, आणि मला अजून कळत नाही, यासाठी त्याच्यावर चिडायचं की नाही.

पाच वाजत आले. ग्रुकच्या पुढची जागा रिकामी ठेवता येत नव्हती. दगड, पिंपं, गवत यांच्यापुढे सम्मेदचं नाव घालून बघितलं. तिथे माणसाच्या नावाची सोयच नव्हती, यादी ते घेत नव्हती. सम्राट सर दारातून म्हणाले, "क्रांती, कुणाचं बी घाल, पण पाठव आता." मी सम्मेदचं नाव खोडलं. वडिलांचं पण खोडलं. आणि तिथे क्रांती शिंत्रे असं लिहून पाठवून दिलं.

त्यानंतरच्या सोमवारपासून सम्मेद परत दगडांवर आहे. खेळ बाहेर येऊन आता दोन महिने झाले. लाखो लोक खेळतात म्हणे. शेवटी नावं वर सरकत जातात, त्यात माझंही एक आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव कुठे आलंय, आणि घरी मी ते कुणालाही दाखवलेलं नाही.